अंतर आणि अवधि : बारामती ते इंदापूर

एका गांवाहून दुसरें गांव किती दूर आहे, या साध्या प्रश्नाला दख्खनच्या पठारावर पूर्वापार दोन तऱ्हांनीं उत्तर मिळत आलें आहे. कोणी म्हणे, पंधरा कोस. कोणी म्हणे, दोन मजला. पहिलें उत्तर भूमीचें आणि दुसरें चालणाऱ्याच्या पायांचें. भूमि आपल्या जागेवरून हलत नाहीं, म्हणून पहिलें उत्तर पिढ्यान् पिढ्या सारखेंच राहतें. दुसरें मात्र बैलगाडी, आगगाडी, मोटार, विमान अशा साधनासाधनागणिक पालटत जातें. बाजारपेठा कोठें वाढल्या, शेतसारा कोठें चढला आणि दुष्काळांत धान्य कोणाच्या दारीं पोंचलें, याचा शोध घेऊं लागलें म्हणजे कोसांपेक्षां या दुसऱ्या उत्तराचाच प्रभाव अधिक दिसून येतो. आणि प्रवासाचा काळ आंखडला, तरी त्याची किंमत कोणाला तरी भरावी लागते, हेंही त्याबरोबरच ध्यानांत येतें.

याचा पडताळा पाहण्यासाठीं लंडन आणि पॅरिस यांसारखीं शहरें घेतां येतील, व पुढें तीं घ्यावयाचींच आहेत. परंतु आरंभ घरच्या अंगणापासून केलेला बरा. पुणें जिल्ह्याच्या पूर्व आणि आग्नेय बाजूला बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके एकमेकांस लागून आहेत. मोरोपंतांची बारामती कऱ्हेच्या कांठीं वसलेली; इंदापूर भीमेच्या खोऱ्यांत. दक्षिणेच्या अंगानें नीरा वाहते आणि नीरा-नरसिंगपूर येथें भीमेला मिळते. नकाशावर पट्टी ठेवली, तर बारामती आणि इंदापूर या दोन गांवांमध्यें सरळ रेषेंत सुमारें ४७ किलोमीटर अंतर भरतें, आणि सडकेनें गेल्यास तें पन्नासाच्या घरांत जातें. वाटेंत घाट नाहीं, मोठा डोंगर नाहीं. त्यामुळें पक्ष्याची वाट आणि गाडीची वाट यांत फरक थोडाच. इंदापूर पूर्वेकडे असल्यामुळें सूर्य तेथें बारामतीपेक्षां सुमारें पावणेदोन मिनिटें आधीं माथ्यावर येतो. हें पावणेदोन मिनिटांचें अंतर मनुष्यानें आजवर किती वेळांत तोडलें, हाच या कथेचा विषय आहे.

सर्वांत जुनें माप पायांचें, आणि तें अजूनही मोडलेलें नाहीं. तुकाराममहाराजांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनीं १६८५ सालीं पालखी सोहळ्याची परंपरा सुरू केली, असें सांप्रदायिक इतिहास सांगतो. देहूहून पंढरीस जाणारी ही पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून निघाली म्हणजे काटेवाडीस परीट मंडळी तिच्यापुढें धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्यांचें रिंगण होतें, आणि सणसर येथें मुक्काम पडतो. दुसऱ्या दिवशीं बेलवाडीचें रिंगण पाहून पालखी पुढें जाते व निमगांव केतकीस विसांवते. तिसऱ्या दिवशीं इंदापूर दिसतें. म्हणजे पन्नास किलोमीटरांना तीन दिवस, दिवसाला पांचेक कोस. ही चाल मंद खरी. परंतु हजारों माणसें, लहानथोर, म्हातारींकोतारीं एकत्र चालवयाचीं असतां जेवणखाण, निवारा आणि पाणी यांचा मेळ घालणारी दुसरी चाल नाहीं. वाटेवरच्या गांवांची पत, त्यांचा मान आणि तेथील दुकानदारांची वर्षाची बेगमी या मुक्कामांशीं बांधली गेली. जो जलद जातो, तो वाटेंत थांबत नाहीं. आणि जो थांबत नाहीं, तो वाटेवरच्या गांवाला कांहीं देतही नाहीं.

राजकारणाला मात्र ही चाल पुरणारी नव्हती. भोसल्यांच्या जहागिरींत पुणें आणि सुपें यांच्याबरोबर इंदापूरही होतें. असा विखुरलेला मुलूख हातीं ठेवावयाचा, म्हणजे हुकूम वेळेवर पोंचला पाहिजे. त्यासाठीं जासूद आणि सांडणीस्वार ठेवावे लागत. सामान्य रयतेला ती चैन कोठली! तिचा व्यवहार बैलाच्या पावलानें चाले. भरलेली गाडी दिवसाकांठीं सहा-सात कोस गेली तर पुष्कळ. म्हणजे बारामतीचा माल इंदापुरीं जावयास दोन दिवस आणि बैलांची वैरण लागे. माल स्वस्त आणि जड असला, तर वाटखर्चांतच त्याची किंमत खलास होई. ज्वारी एका तालुक्यांत उकिरड्यावर पडावी आणि चार मजलांवरच्या तालुक्यांत लोकांनीं उपाशी मरावें, असें जें पूर्वीं घडे, त्याचें कारण धान्याच्या तोट्यापेक्षां चालीच्या मंदपणांत अधिक होतें.

अंतर मोजण्याच्या इतिहासांत इंदापूरला एक स्वतंत्र स्थान आहे. इंग्रजी अमलाच्या आरंभीं प्रिंगल नांवाच्या अधिकाऱ्यानें जमिनीच्या उत्पन्नाचा सूक्ष्म हिशेब मांडून जो सारा ठरविला, त्यानें हा तालुका जेरीस आला. पुष्कळ जमीन पडीत राहिली. कित्येक कुणबी गांव सोडून गेले. तेव्हां १८३५ सालीं गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट या दोघांनीं इंदापुरांत मोजणीचें काम नव्यानें हातीं घेतलें, आणि १८३६ पासून तीस वर्षांच्या मुदतीचा सारा बांधून दिला. पुढें मुंबई इलाख्यांत सर्वत्र पसरलेल्या जमीनमोजणीच्या पद्धतीचा श्रीगणेशा तो येथें. तेहतीस फुटी सांखळी शेतांतून फिरली. तिच्या एका चौरसाचा गुंठा झाला आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. आजही सातबाऱ्यावर जे आंकडे उमटतात, त्यांची घडण या सांखळीनें केली आहे.

या पद्धतींत एक गोष्ट मोठ्या शहाणपणाची होती, आणि तीच पुढें अवघड झाली. जमिनीचा कस पाहून प्रत तर ठरेच; परंतु गांवांचे गट पाडतांना पाऊसमान, मशागत आणि बाजारापासूनचें अंतर याही गोष्टी लक्षांत घेतल्या जात. तें योग्यच होतें. सारख्याच कसाचीं दोन शेतें असलीं, तरी ज्याचा माल बाजारांत लवकर जातो त्याच्या पदरांत अधिक पडतें. म्हणजे अंतर ही नुसती वाटसरूची चिंता न राहतां सरकारी दप्तरांतील एक कलम होऊन बसली. बाजार दूर असेल तर सारा हलका, जवळ असेल तर भारी. आतां प्रश्न असा कीं, गांव जागचें हललें नाहीं, बाजारही हलला नाहीं, परंतु मध्यें आगगाडी आली, तर बाजार जवळ आला असें म्हणावयाचें कीं नाहीं?

हा प्रश्न उभा राहावयास फार दिवस लागले नाहींत. खंडाळ्याहून पुण्यापर्यंतचा लोहमार्ग १८५८ च्या जून महिन्यांत खुला झाला होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तो पुण्याच्या पूर्वेस ६४ मैलांवर, इंदापूर तालुक्यांतील डिकसळ स्टेशनापर्यंत येऊन ठेपला. ज्या वाटेला गाडीवानाचे पांच दिवस मोडत, ती कांहीं तासांवर आली. दोनच वर्षांत रूळ सोलापूरला भिडले. पुढें अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसाचे भाव कडाडले, आणि तीस वर्षांची मुदत संपून १८६७ सालीं इंदापूरची फेरआकारणी झाली, तेव्हां सारा वाढविण्यास ज्या सबबी दिल्या गेल्या त्यांत भाववाढीबरोबर नव्या सडका आणि आगगाडी यांची गणना होती. कुणब्याचें शेत होतें तेथेंच होतें. पण कागदावर तें बाजाराच्या जवळ सरकलें, आणि त्या सरकण्याचा आकार त्याला भरावा लागला. पुढें भाव उतरले, आणि वाढलेला सारा जाचक झाला. अखेर १८७४ सालीं सरकारनें अशा वाढीला मर्यादा घातली : सबंध तालुक्याची वाढ शेंकडा ३३, एका गांवाची ६६ आणि एका खातेदाराची शंभर याहून अधिक असूं नये. काळ वांचला तर त्याचा लाभ वांचविणाऱ्यालाच मिळतो असा नेम नाहीं, हा धडा या आंकड्यांत लिहिलेला आहे.

त्याच आगगाडीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८७६ सालीं पाऊस गेला, आणि पुणें जिल्ह्याचा हा कोरडा पूर्व भाग दुष्काळाच्या तोंडीं सांपडला. दूरदेशींचें धान्य लोहमार्गानें स्टेशनापर्यंत आलें. पूर्वीच्या दुष्काळांत तेवढेंही घडत नसे. परंतु स्टेशनापासून गांवापर्यंतचे कोस बैलांनींच तोडावयाचे होते, आणि वैरणपाण्यावांचून बैल मरत होते. हजार मैलांचें अंतर सरलें आणि दहा कोसांचें उरलें, अशी ती स्थिति होती. दुष्काळी कामांवर ज्यांनीं माती वाहिली, त्यांच्या हातून दौंड-मनमाड लोहमार्ग उभा राहिला. आणि नीरेच्या डाव्या कालव्याच्या कामासही त्याच संकटांत प्रारंभ झाला. तो कालवा पुढें बारामती तालुक्यांतून इंदापुरापर्यंत गेला, ऊंस आला, आणि कोरडवाहू मुलखाचें रूप पालटलें. बारामतीला स्वतःची आगगाडी मिळाली ती १९१४ सालीं. दौंडहून येणारा हा फांटा अडीच फुटी अरुंद रुळांचा होता. आतां तेथें रुंद रूळ आहेत. बारामती आणि इंदापूर यांना थेट जोडणारी आगगाडी मात्र अजूनही नाहीं.

आगगाडीनें आणखी एक वस्तु आणली, ती म्हणजे एक घड्याळ. तोंवर प्रत्येक गांवचा मध्यान्ह आपापल्या सूर्याप्रमाणें होई. बारामती-इंदापूरमधील पावणेदोन मिनिटांची कोणाला पर्वा नव्हती. परंतु एकाच रुळावर दोन दिशांनीं गाड्या धांवूं लागल्या, म्हणजे मिनिटांची चूक प्राणांवर बेतते. रेल्वे मद्रासच्या वेळेनें चाले, आणि मुंबई आपल्या वेळेनें. दोहोंत अर्ध्या तासाचें अंतर. १ जानेवारी १९०६ पासून सबंध देशाला एक वेळ मिळाली, तरी मुंबई शहरानें तीहून ३९ मिनिटें मागें असलेला आपला ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत सांभाळून ठेविला. प्रवासाचा अवधि बिनचूक मोजावयाचा, तर दोन्ही टोकांचीं घड्याळें एकमेकांशीं जुळलीं पाहिजेत, ही गोष्ट लोकांच्या अंगवळणीं पडावयास असा अर्धशतकाचा काळ लागला.

आतां पृथ्वी सोडून आकाशाकडे वळावें. हिंदुस्थानांत विमानानें टपाल नेण्याचा पहिला प्रयोग १८ फेब्रुवारी १९११ रोजीं झाला. आंरी पेके या फ्रेंच वैमानिकानें तत्कालीन अलाहाबादेहून यमुनेपलीकडील नैनी येथें सुमारें साडेसहा हजार पत्रें नेलीं. अंतर सुमारें दहा किलोमीटर, अवधि तेरा मिनिटांचा. जगांतील तें पहिलें अधिकृत हवाई टपाल. पुढें १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून निघून अहमदाबादमार्गें त्याच दिवशीं मुंबईच्या जुहू मैदानावर टपाल उतरविलें. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं तें बेळ्ळारीवरून मद्रासेस पोंचविलें.

याच्या तेरा वर्षें आधीं युरोपांत नियमित प्रवासी उड्डाणें सुरू झालीं होतीं. २५ ऑगस्ट १९१९ रोजीं लंडनजवळच्या हाउन्स्लो येथून एक लहान विमान उडालें आणि अडीच तासांनीं पॅरिसजवळच्या ल बूर्जे येथें उतरलें. लंडन-पॅरिसच्या दैनिक सेवेचा तो प्रारंभ. आंत एकच उतारू, आणि सोबत वर्तमानपत्रें, कातडें व खाण्याचे जिन्नस. भाडें एकवीस पौंड.

आज लंडनचा हीथ्रो आणि पॅरिसचा शार्ल द गोल या विमानतळांमध्यें सरळ रेषेंत सुमारें ३४५ किलोमीटर अंतर आहे. म्हणजे बारामती-इंदापूरच्या सातपटींहून किंचित् अधिक. जेट विमानाची पूर्ण गति ताशीं आठशें किलोमीटर धरली, तर हा प्रवास सव्वीस मिनिटांत आटोपावा. पण वेळापत्रक पाहावें, तर सव्वा तास आणि कधीं त्याहूनही अधिक लिहिलेला आढळतो. ही तफावत कोठून आली? विमान फाटकापासून धांवपट्टीपर्यंत जमिनीवरून रांगत जातें. आपली पाळी येईपर्यंत खोळंबतें. वर चढतांना आणि खालीं उतरतांना पूर्ण गतीनें जाऊं शकत नाहीं. आणि गर्दीच्या आकाशांत आंखून दिलेल्या वांकड्या वाटेनेंच त्याला जावें लागतें. शिवाय पॅरिसचें घड्याळ लंडनच्या एक तास पुढें. त्यामुळें सकाळीं दहाला लंडनहून निघालेला मनुष्य तेथील घड्याळाप्रमाणें सव्वाबाराला उतरतो, आणि दहाला पॅरिसहून निघालेला लंडनला सव्वादहालाच! कोष्टकांतील दोन वेळांची नुसती वजाबाकी करणारा येथें हमखास फसतो.

यापुढची गोष्ट अधिक मौजेची आहे. १९९४ सालीं इंग्लिश खाडीखालचा बोगदा खुला झाला, आणि २००७ पासून आगगाडी लंडनच्या मध्यभागांतून पॅरिसच्या मध्यभागीं सुमारें सव्वादोन तासांत जाऊं लागली. म्हणजे १९१९ सालच्या विमानाला जेवढा वेळ लागला, जवळजवळ तेवढाच. तरीही घरापासून विमानतळापर्यंत जाणें, तपासणी, प्रतीक्षा, सामान घेणें आणि पुन्हां शहर गांठणें या साऱ्याची बेरीज केली, तर सव्वा तासाचें विमान बहुधा मागें पडतें. उड्डाणाचा अवधि आणि प्रवासाचा अवधि या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

हाच हिशेब आपल्या दोन गांवांना लावून पाहावा. बारामतीस विमानतळ असून तेथें वैमानिकांचें शिक्षण चालतें. लहान शिकाऊ विमान ताशीं दोनशें किलोमीटरांनीं गेलें, तर इंदापुरावर चौदा मिनिटांत येईल; अर्ध्या घटकेहून थोडें अधिक. परंतु इंदापुरास तें उतरणार कोठें? उड्डाणाची तयारी आणि धांवपट्टीपासूनचें अंतर धरलें, म्हणजे तासाभरांत पोंचणारी मोटारच शहाणी ठरते. आकाशाची वाट सरळ असली, तरी निर्धोक नाहीं. २५ जुलै २०२२ रोजीं बारामतीहून निघालेलें एक शिकाऊ विमान इंदापूर तालुक्यांतील कडबनवाडीच्या शिवारांत कोसळलें. आंतील विद्यार्थिनी जखमी झाली, पण सुदैवानें बचावली.

सरळ रेषेचा मोह पाण्यावरही तितकाच घातक ठरतो. भीमेवरील उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें, आणि इंदापूर तालुक्यांतील कित्येक जुनीं गांवठाणें पाण्याखालीं गेलीं. पळसदेवचें प्राचीन देऊळ उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे डोकें वर काढतें. रूळ दुसरीकडे वळवावे लागले, आणि डिकसळचा इंग्रजी अमदानींतील आगगाडीचा पूल पुढें इंदापूर-करमाळ्यामधील सडकेच्या कामीं आला. जलाशयानें समोरासमोरचीं गांवें एकमेकांपासून तोडलीं. डोळ्यांना दिसणारा पैलतीर सडकेनें गांठावयाचा, म्हणजे मोठा वळसा. म्हणून लोक होडीचा आश्रय करतात. २१ मे २०२४ रोजीं करमाळा तालुक्यांतील कुगांव आणि इंदापूर तालुक्यांतील कळाशी यांच्यामधील अशीच एक होडी वादळी वाऱ्यांत उलटली आणि सहा जीव गेले. एका पुलाच्या अभावीं जो वेळ वांचवावा लागतो, त्याची किंमत कधीं कधीं अशी मोजावी लागते. लंडन-पॅरिसमधील दहा मिनिटें कमी झालीं काय आणि न झालीं काय, कोणाचा जीव जात नाहीं. येथें वळशाचे दोन तास वांचवावयाचे, तर प्राणाशीं गांठ असते.

देहूहून पाटस, बारामती, इंदापूर व अकलूजवरून पंढरपुराकडे जाणाऱ्या तुकाराममहाराजांच्या पालखीमार्गाचें चौपदरीकरण हातीं घेण्यांत आलें, त्याची कोनशिला ८ नोव्हेंबर २०२१ रोजीं बसविली गेली. या योजनेंत सडकेच्या दोहों बाजूंना वारकऱ्यांसाठीं पायवाट आंखलेली आहे. एकाच वाटेवर मधून तासाभरांत इंदापूर गांठणारी मोटार आणि कडेनें तीन दिवसांत तेथें जाणारी दिंडी, अशी ही योजना. सडका बांधणाऱ्यांनीं या पायवाटेचें महत्त्व विसरतां कामा नये. रस्ता किती जलद झाला, हें जसें पाहावयाचें, तसेंच त्या गतीनें कोणाची जमीन गेली, कोणतें गांव वाटेबाहेर पडलें आणि शेवटचे दहा कोस कोणाच्या पायांवर टाकले, हेंही पाहिलें पाहिजे. बारामतीहून इंदापूर विंगेटच्या सांखळीच्या काळीं जेवढें दूर होतें, तेवढेंच आजही आहे. या दोन शतकांत बदलली ती वेळ, आणि त्या वेळेची किंमत भरणारीं माणसें.